आवाज कुठून येतोय?

तीन आठवडे मागच्या चाकातून घुंऽऽ असा आवाज येत होता. चेनऐवजी दांड्याने (शाफ्टने) मागचं चाक फिरवणारी जुनी मोटरसायकल. त्यामुळे मनात एकच भीती : क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टचा जोर मागच्या चाकाला देणारी गिअरची जोडी, गेली.

आज पहाटे घोडबंदर रोड रिकामा होता. साठच्या वेगाला क्लच दाबला. इंजिनचे फेरे खाली आले, आवाज मात्र तसाच. गाडी हळू झाली तसा तोही उतरला. म्हणजे इंजिन निर्दोष, दोष मागे. थ्रॉटल दिला-सोडला तरी आवाजात फरक नाही, आणि तिथेच जरा आशा वाटली. गिअरचे दात खराब असतील तर जोर पडल्यावर आवाज सहसा बदलतो.

मग वागळे इस्टेटला मेकॅनिक काकांकडे गेलो. म्हणाले, "आधी तेल बघू रे, मग रडू." फायनल ड्राइव्हचं, म्हणजे क्राउन-पिनियन असतं त्या मागच्या डब्याचं, तेल उतरवलं. तेल सोडायच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप होता, बोटांत चोळला तर मऊ, काजळासारखा. एकही कण टोचला नाही. एवढी झीज चालते. चकचकीत तुकडे निघाले असते तर गिअर उघडावे लागले असते.

गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. काकांनी लांब पेचकसाचं टोक फायनल ड्राइव्हला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला चाक फिरवायला सांगितलं. तिथे शांत. पलीकडच्या बाजूला, चाकाच्या बेअरिंगपाशी टोक लावलं आणि पेचकस माझ्या हातात दिला. खरखर थेट माझ्या दातांपर्यंत जाणवली!

उद्या बेअरिंग बदलायचं. काका, मनापासून आभार.