सिस्टर, सीटीला का नेत नाही?

हा प्रश्न आयसीयूच्या दारात आठवड्यातून चार वेळा तरी ऐकते. काल साताऱ्याकडचे एक काका होते, मुलगा व्हेंटिलेटरवर, म्हणाले सिस्टर तीन दिवस नुसते एक्स-रेच काढताय, सीटी का नाही काढत, पैशाचं काही असेल तर सांगा मी जमवतो. पोटात तुटलं अगदी. काका, पैशाचं नाहीये हो.

आमचं हॉस्पिटल परळला, आयसीयू चौथ्या मजल्यावर आणि सीटी तळमजल्यावर. न्यायचं म्हणजे ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर, भरलेला ऑक्सिजन सिलेंडर, मॉनिटर, औषधांचे तीन-चार पंप, एक डॉक्टर, एक सिस्टर, दोन मामा म्हणजे वॉर्डबॉय, आणि लिफ्ट अडवून धरायला अजून कोणीतरी. नॉरअॅड म्हणजे बीपी टिकवून धरणारं औषध चालू असलेल्या पेशंटची ती एक लाईन बेड ढकलताना ओढली गेली तर मिनिटभरात बीपी खाली येतं. सीटीच्या टेबलावर घेताना घशातली ट्यूब सरकू शकते. ज्याला कूस बदलली तरी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, पडतं त्याला एवढ्या प्रवासाला न्यायचं तर त्या सीटीने ट्रीटमेंट बदलणार असेल तरच, आणि तेव्हा आम्ही नेतोच. बाकी वेळी मशीनच बेडपाशी येतं.

पोर्टेबल एक्स-रे तर सगळ्यांना माहीत असतो, टेक्निशियन 'एक्स-रे!' असा आवाज देतो, आम्ही बाजूला होतो, त्याआधी मामा आणि मी पेशंटला उचलून पाठीखाली प्लेट सरकवलेली असते. पण माझं खरं प्रेम सोनोग्राफीवर आहे. फुफ्फुसात हवा असते, म्हणून तिथे सोनोग्राफीचा उपयोग नाही असंच पूर्वी मानायचे. फ्रान्सचे डॉ. डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी वर्षानुवर्षं आयसीयूत प्रोब छातीवर ठेवून ठेवून दाखवलं की उपयोग आहे, श्वास अचानक का लागला हे शोधायची त्यांची ब्लू प्रोटोकॉल नावाची पद्धत २००८ साली छापून आली.

गेल्या पावसाळ्यातली एक नाईट सांगते. पहाटे साडेतीनला सात नंबरच्या व्हेंटिलेटरचा प्रेशरचा अलार्म वाजला, सॅच्युरेशन ९६ वरून ८४ आणि बीपी पण पडायला लागलं, मी सक्शन करून ट्यूबमधला कफ ओढला तरी फरक नाही, डावी छाती उजवीएवढी उचलत नव्हती. डॉक्टर मॅडम धावत आल्या, आधी ट्यूब बघितली कारण ती आत सरकून उजव्या बाजूला गेली तरी डावी छाती थांबते, पण ओठापाशी ट्यूब २२ वरच होती. मग प्रोब. श्वासाबरोबर फुफ्फुसाची कड बरगड्यांखाली मुंग्यांची रांग सरकावी तशी चमकत सरकताना दिसते, उजवीकडे ती दिसली, डावीकडे एकदम स्तब्ध, एम-मोड, म्हणजे एकाच रेषेवरची हालचाल दाखवणारं चित्र, लावला तर वाळूसारखं दाणेदार चित्र यायला हवं तिथे नुसत्या बारकोडसारख्या रेघा. फुफ्फुसाबाहेर हवा कोंडलेली. एक्स-रेची वाट बघायची वेळच नव्हती, आणि उताण्या पेशंटची हवा पुढच्या बाजूला गोळा होते त्यामुळे झोपवून काढलेल्या एक्स-रेत ती कधीकधी दिसतही नाही. आधी सुई, मग आयसीडी, म्हणजे ती हवा बाटलीत काढणारी छातीतली नळी. बाटलीत भसाभसा बुडबुडे आले आणि सॅच्युरेशन ८८, ९१, ९५ असं चढत गेलं, ते बघताना माझे हात थरथरत होते.

बऱ्याच नातेवाइकांचं म्हणणं असतं बाहेरून पोर्टेबल सोनोग्राफी मागवू का. तसं नाही करता येत, गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंद असते, मनात आलं म्हणून ते या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरवता येत नाही. कायदा हवाच, पण म्हणूनच आयसीयूचं स्वतःचं मशीन असायलाच पाहिजे असं मला वाटतं.

आणि मॉनिटरचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. आर्ट लाईन म्हणजे बीपी मोजायला धमनीत घातलेली नळी, तिचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे प्रेशर मोजणारा सेन्सर, हृदयाच्या लेव्हलला पाहिजे, तो १० सेंटीमीटर खाली राहिला तर बीपी ७-८ ने जास्त दिसतं, म्हणजे पेशंट खरं तर लो आणि स्क्रीन म्हणते ठीक. बेड वर-खाली केला की मी पहिल्यांदा तेच बघते, नव्या मुलींनाही ड्युटीचा ओव्हर घेताना तेच बघायला लावते. सॅच्युरेशन मोजणाऱ्या बोटावरच्या क्लिपचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ च्या सुमाराला शोधलं, लाल आणि इन्फ्रारेड उजेड बोटातून पाठवायचा. पण हात गार पडले, गडद नेलपेंट असलं की ती फसते. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय पेशंटमध्ये लपलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा तिच्याकडून सुटली होती. आपल्याकडे सावळी माणसं किती, म्हणून शंका आली की एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, करायलाच सांगते मी.

काकांना एवढं सगळं नाही सांगितलं. संध्याकाळी मॅडम मुलाची छाती बघत होत्या तेव्हा त्यांना आत बोलावलं, मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते वाकून बघत राहिले, मग हळूच विचारलं, हे हलतंय ते त्याचा श्वास का? मॅडम म्हणाल्या, श्वास अजून मशीन देतंय काका, पण फुफ्फुस दोन्हीकडे हलतंय, आणि कालच्यापेक्षा पाणी कमी आहे. काकांनी मान हलवली. सीटीचं परत विचारलं नाही, उद्या पण हे दाखवाल का एवढंच विचारलं.