ईशान्य मुंबई लोकसभा : सीमांचे थर आणि निकालांचा तक्ता, काम कुठवर आलं

२००८ च्या मतदारसंघ-रचनेच्या सीमांचा थर पूर्ण झाला. सहाही विधानसभा क्षेत्रं क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत बसली आहेत, कडा एकमेकींना भिडतात, मध्ये फट नाही की एकावर एक चढलेला तुकडा नाही. १९७६ च्या रचनेचा थर अर्ध्यावर आहे. १९६७ चा नुकता हाती घेतलाय. निकालांचा तक्ता मात्र १९६७ पासून २०२४ पर्यंत सलग भरून झाला, आणि थर व तक्ता शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. या मतदारसंघाच्या दोन बाजू जवळपास न हललेल्या आहेत, आणि उरलेल्या दोन बाजूंनी तो पुन्हा पुन्हा कापला-जोडला गेलाय. त्यामुळे साठ वर्षांचा इतिहास एकाच रांगेत वाचणं मला आता पटत नाही.

न हललेल्या बाजू आधी. पूर्वेला ठाण्याची खाडी. तिथे मिठागरं आणि खारफुटी असल्यानं रेषा भरती-ओहोटीनुसार कशी काढायची एवढाच प्रश्न. मी महसुली हद्द धरली. उत्तरेला मुलुंड चेकनाका. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत आली आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत, आणि तेव्हापासून ती कड तिथेच आहे. म्हणजे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मुलुंड मुंबईत नव्हतंच. जुन्या निकालांवर आजचा नकाशा टाकणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

हलत्या बाजू म्हणजे पश्चिम आणि दक्षिण. मुलुंड-भांडुपच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत तोवर पश्चिमेलाही वाद नाही. पण डोंगर संपून पवई, साकीनाका, कुर्ला सुरू झालं की वस्ती सलग आहे, आणि रेघ कुठे मारायची हे लोकसंख्येच्या हिशोबावर ठरतं.

१९७६ ची रचना १९७१ च्या जनगणनेवर झाली. तेव्हा मुंबईत विधानसभेच्या ३४ जागा होत्या, १७ शहरात आणि १७ उपनगरांत. मध्य आणि हार्बर रेल्वेच्या बाजूला ट्रॉम्बे, चेंबूर, नेहरूनगर, कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही नावं होती, आणि ईशान्य मुंबईची मदार यांतल्या बहुतेकांवर होती. मग सीमा गोठल्या. १९७७ पासून २००४ पर्यंतच्या सगळ्या लोकसभा निवडणुका याच आखणीवर झाल्या आणि त्या काळात उपनगरं कुठल्या कुठे वाढली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं २००१ ची जनगणना धरून नवी आखणी केली, तेव्हा शहराच्या जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगरांच्या २६ झाल्या. लोकसभेच्या सहा जागा सहाच राहिल्या, पण त्यांच्या आतलं सगळं सरकलं.

ईशान्य मुंबईपुरतं पाहायचं तर चेंबूर आणि अणुशक्तीनगर दक्षिण मध्य मुंबईला गेले, कुर्ला उत्तर मध्यला. चांदिवली, म्हणजे साकीनाका-पवईकडचा पट्टा, तोही उत्तर मध्यमध्ये. हाती उरले मुलुंड (१५५), विक्रोळी (१५६), भांडुप पश्चिम (१५७), घाटकोपर पश्चिम (१६९), घाटकोपर पूर्व (१७०) आणि मानखुर्द शिवाजीनगर (१७१). कंसातल्या विधानसभा क्रमांकांतली उडी नकाशावर फार छान समजते. बोरिवली-दहिसर-मागाठाणे घेऊन आकडे डोंगर ओलांडून मुलुंडला येतात, भांडुपनंतर परत पश्चिमेला जोगेश्वरी पूर्वकडे (१५८) जातात, तिकडचं सगळं आटोपून चांदिवलीवरून (१६८) घाटकोपरला परततात. थराला क्रमांकाप्रमाणे रंग दिले तर हा नागमोडी प्रवास डोळ्यांना दिसतो. नवीन काम सुरू करणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच.

आकार झाला तो उत्तर-दक्षिण लांबट पट्टी आणि खाली खाडीच्या बाजूला मानखुर्द. पालिकेच्या भाषेत टी, एस, एन आणि एम-पूर्व या विभागांतून ही पट्टी जाते. एका टोकाला मुलुंड-घाटकोपरची मराठी-गुजराती मध्यमवर्गीय वस्ती, दुसऱ्या टोकाला देवनार कचराभूमीच्या शेजारची गोवंडी-शिवाजीनगरची दाट, मुख्यतः मुस्लिम, कष्टकरी वस्ती, मध्ये विक्रोळी-भांडुपची गिरणी-कारखान्यांच्या काळापासूनची मराठी कामगार वस्ती. तीन वेगळ्या ओढी एका खासदारात बसवायच्या, हे २००८ नंतरच्या प्रत्येक निकालात दिसतं.

आता तक्ता. १९७७ आणि १९८० ला सुब्रमण्यम स्वामी, जनता पक्ष. दुसरा विजय विशेष, कारण तो इंदिरा गांधींच्या पुनरागमनाच्या वर्षातला आहे. त्यानंतर १९८४ गुरुदास कामत, १९८९ जयवंतीबेन मेहता, १९९१ कामत, १९९६ प्रमोद महाजन, १९९८ कामत, १९९९ किरीट सोमय्या, २००४ कामत, २००९ संजय दिना पाटील, २०१४ सोमय्या, २०१९ मनोज कोटक, २०२४ पुन्हा पाटील. १९८० नंतर एकाही खासदारानं ही जागा लागोपाठ दोनदा राखलेली नाही. कामत चार वेळा जिंकले, चारही वेळा एकेक निवडणूक सोडून. २०१९ ला भाजपनं जागा राखली, पण उमेदवार बदलून.

ही ओळ बातम्यांत नेहमी येते आणि ती खरी आहे. पण २००४ आणि २००९ च्या मध्ये तक्त्यात मी जाड रेघ मारली आहे. रेघेच्या वरचे हेलकावे एकाच भूभागातले आहेत. तिथे मतदार बदलले, मनं बदलली, देशातली हवा बदलली. रेघेखाली जमीनच वेगळी. कुर्ला-चेंबूर वजा झालेल्या जागेची तुलना आधीच्या जागेशी करताना टक्केवारीचा फरक काढणं मी बंद केलंय. स्वतः कामतही २००९ ला वायव्य मुंबईत गेले आणि तिथून जिंकले, आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीत ही जागा राष्ट्रवादीकडे, म्हणजे पाटलांच्या पक्षाकडे, आली.

२००९ वर सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. पाटील २,१३,५०५. सोमय्या २,१०,५७२. मनसेचे शिशिर शिंदे १,९५,१४८. पहिल्या दोघांत २,९३३ मतं, आणि पहिल्या-तिसऱ्यात अवघी १८,३५७. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभा झाली, तेव्हा याच पट्टीत मनसेनं तीन जागा घेतल्या. भांडुप पश्चिममधून स्वतः शिंदे, विक्रोळीतून मंगेश सांगळे, घाटकोपर पश्चिममधून राम कदम. मुलुंड आणि घाटकोपर पूर्व भाजपकडे, मानखुर्द शिवाजीनगर समाजवादी पक्षाच्या अबू आझमींकडे. एप्रिल-मेमधली तिरंगी लढत ऑक्टोबरात जागांच्या रूपानं जमिनीवर उतरली. मधली तीन क्षेत्रं एका रंगात, वरचं टोक आणि घाटकोपर पूर्व दुसऱ्या, खालचं टोक तिसऱ्या. एवढी स्वच्छ विभागणी मला मुंबईत दुसरीकडे आढळलेली नाही.

मग २०१४. सोमय्या ५,२५,२८५, पाटील २,०८,१६३, फरक ३,१७,१२२. पाटलांची मतं २००९ पेक्षा फक्त ५,३४२ नं कमी आहेत! जवळपास तेवढीच मतं एकदा खासदार करून गेली आणि एकदा तीन लाखांहून मोठ्या पराभवात जमा झाली. मनसे रिंगणात नव्हती आणि मतदान वाढलं होतं. आम आदमी पक्षाच्या मेधा पाटकर तिसऱ्या आल्या, त्यांनाही पाऊण लाखाच्या वर मतं मिळाली. फक्त फरकाचा आकडा बघून ‘जनाधार संपला’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

२०१९ चा निकाल सरळ आहे. कोटक ५,१४,५९९, पाटील २,८८,११३.

२०२४ ला कोटक यांच्या जागी भाजपनं मुलुंडचे आमदार मिहिर कोटेचा यांना उभं केलं, आणि पाटील शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाकडून लढले. पाटील ४,५०,९३७, कोटेचा ४,२१,०७६, फरक २९,८६१. मुलुंडनं कोटेचांना मोठी आघाडी दिली, मानखुर्द शिवाजीनगरनं पाटलांना. पट्टीची दोन टोकं इतक्या ताकदीनं विरुद्ध दिशांना ओढत असल्यानं मधल्या क्षेत्रांतल्या लहान फरकांना मोल आलं. पाच-सहा महिन्यांनी विधानसभेला याच सहा क्षेत्रांतून भाजपचे तीन, आणि एकनाथ शिंदे यांची शिवसेना, ठाकरे यांची शिवसेना, समाजवादी पक्ष यांचा एकेक आमदार निवडून आला. लोकसभेच्या आकड्यावरून विधानसभेचा अंदाज बांधणं इथे किती अवघड आहे, ते यातून कळावं.

केंद्रनिहाय कामाबद्दल थोडं, कारण खरी मेहनत तिथे आहे. फॉर्म २० या अधिकृत निकालपत्रकात प्रत्येक मतदान केंद्राची मतं मिळतात, पण बऱ्याच जागी ती स्कॅन केलेल्या पानांवर असतात, आकडे हातानं उतरवावे लागतात. शिवाय केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीला बदलतात. मतदार वाढले की यादीचा भाग फुटतो, नवं केंद्र येतं आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. अलीकडे काही केंद्रं सोसायट्यांच्या आवारातही आली आहेत. म्हणून क्रमांक जुळवण्याऐवजी मी केंद्राच्या इमारतीचा पत्ता धरतो. पालिकेच्या शाळा सहसा जागा सोडत नाहीत. एका शाळेतली सगळी केंद्रं एकत्र करून एक बिंदू केला की २०१४, २०१९ आणि २०२४ ची तुलना बऱ्यापैकी विश्वासानं करता येते. घाटकोपर पूर्व आणि मुलुंड असं झालंय. मानखुर्द शिवाजीनगरला वेळ लागणार, तिथे एकेका शाळेत केंद्रांची गर्दी आहे.

१९६७ च्या थराकडे मी ज्या ओढीनं निघालोय ती त्या निवडणुकीमुळे. मतदारसंघ नवा होता. तेव्हाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांनी १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींना हरवलं होतं. १९६७ ला काँग्रेसनं त्यांना तिकीट नाकारलं आणि ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे, माजी आयसीएस अधिकारी. मुंबईच्या वाढीवरच्या त्यांच्या अभ्यासगटानं खाडीपलीकडे नवं नगर वसवण्याची शिफारस केली होती. स्थापनेला वर्षही न झालेल्या शिवसेनेनं मेनन यांच्या विरोधात जोर लावला. बर्वे जिंकले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि त्यांनीही मेनन यांना हरवलं. एकाच मतदारसंघात, एकाच वर्षात, एकाच उमेदवाराविरुद्ध भाऊ आणि बहीण. १९७१ ला राजा कुलकर्णी आले आणि ती आखणी तिथेच संपली.

पुढचा क्रम असा ठरवलाय : आधी मानखुर्दचे शाळा-बिंदू, मग १९७६ च्या थराची कुर्ल्याकडची कड, आणि शेवटी १९६७. पुढची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर होणार आहे. तिचा मसुदा येईल तेव्हा तो चौथा थर धरून चारही थर एकमेकांवर टाकून पश्चिमेची रेघ या वेळी कुठे सरकते ते लगेच मोजता यावं, म्हणून सगळे थर एकाच प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) आणि सारख्याच रकान्यांच्या नावांनी साठवतोय.