किल्ल्यांचा जुडगा आणि साडेसहा किलोंची कुत्री

लेकीने सातव्या वाढदिवसाला कुत्रा मागितला, तेव्हा मी एका दमात तीन अटी घातल्या. छोटाच हवा, केस गळणारा नको आणि पिल्लूच आणायचं. चार महिन्यांनी जी घरी आली तिच्यात यातली एकच अट बसते, तीही जेमतेम.

छोटा का, तर माझं गणित साधं होतं. कुत्रा लहान असला की पोरीला पाडणार नाही, ओढून नेणार नाही, आणि चावलाच तरी किती चावेल! हे गणित पहिल्यांदा चुकलं ते प्राण्यांच्या दवाखान्यात, डॉक्टरांना भेटायच्याही आधी. बाकावर आमच्या शेजारी एक मुलगा आईला चिकटून बसला होता आणि आईच्या मांडीवर पॉमेरेनियन. त्याच्या पुढच्या पायाला कोपरापासून खाली प्लॅस्टर. "याच्या हातून निसटला," आई म्हणाली. मुलगा वर बघतच नव्हता. तो पाय प्लॅस्टरसकट माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा जाड असेल. आत हाड केवढं, हे डॉक्टरांनी नंतर बोटांची चिमूट करून दाखवलं. अगदी लहान चणीच्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची हाडं सोफ्यावरून उडी मारतानाही मोडू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या निघाल्या. "मुलीला कुत्र्यापासून जपायचंच आहे. पण दोन किलोंचा आणलात तर त्याला मुलीपासून जपण्यातच तुमचा दिवस जाईल. आणि ज्याला मुलाच्या हातून एकदा लागलंय, तो मुलाचा हात जवळ आला की आधी दात दाखवतो." चिवावाचं वजन साधारण तीन किलोंच्या आतच असतं, तो यादीतून गेला. 'टीकप' म्हणून जी कपात मावणारी पिल्लं दाखवतात तीही गेली. टीकप ही मुळात जातच नाही, विकायला सोयीचं नाव आहे. इतक्या लहान पिल्लाचं एखादं खाणं चुकलं तरी त्याच्या रक्तातली साखर उतरून ते कोसळू शकतं. बाईंनी आमच्यासाठी पाच ते दहा किलोंचा पल्ला आखून दिला. लहान म्हणावा असा, पण मुलाच्या धक्क्याने न मोडणारा.

मग मी वही घातली. जातींची नावं, वजनं, स्वभाव, आजार, सगळे रकाने आखून. लग्न जमवताना माणसं करतात तसं. त्या वहीचा उपयोग झाला, पण मला वाटला होता तो नाही. कळलं ते असं, की आकाराने छोटे असलेले बरेचसे कुत्रे मुळात मोठ्या कामांसाठी तयार केलेले आहेत. डॅशहंड या नावाचा जर्मन अर्थच 'बॅजरचा कुत्रा'. बिळात शिरून स्वतःपेक्षा आडदांड जनावराला भिडायचं, हे त्याचं काम. शिवाय लांबलचक पाठ, मणक्यातली चकती सरकायचा धोका. मुलं कुत्र्याला बगलेत हात घालून उचलतात आणि मागचं अर्धं अंग लोंबकळत ठेवतात. डॅशहंडला ते अजिबात चालणार नाही. जॅक रसेल टेरियर कोल्ह्याच्या शिकारीसाठी, बीगल सशांच्या मागावर जाण्यासाठी. बीगल मुलांशी छान जमवून घेतो असं सगळेच सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे, पण एकदा नाकात वास शिरला की कानात आवाज शिरत नाही, आणि त्याचं हेल काढून ओरडणं तर शेजारच्यांनाही पाठ होतं.

पग आणि फ्रेंच बुलडॉग लेकीला फार आवडले होते. ते चपटं तोंड, तो घोरण्याचा आवाज. मलाही गोड वाटायचं. तो आवाज म्हणजे श्वास पुरेसा आत जात नाही त्याची खूण असते, हे कळल्यावर ऐकवेना. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो. ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्याला मुलाबरोबर उन्हात पळवायचं कसं?

शेवटी बोट ठेवलं कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलवर. साडेपाच ते आठ किलो, मऊ कान, मांडीवर बसायची आवड. आमचं ठरलंच होतं. डॉक्टरबाईंनी वही हातात घेऊन त्या ओळीपुढे एक शब्द लिहिला: 'हृदय'. या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार आढळतो, घ्यायचाच असेल तर आईबापांच्या हृदयाच्या तपासणीचे कागद मागा, असं म्हणाल्या. मी वही मिटली. जात म्हणजे फार तर एक अंदाज, समोरचा कुत्रा कसा आहे ते समोरच जाऊन बघावं लागतं, इतपत अक्कल तोवर आली होती.

केसांची अट नवऱ्यामुळे होती. त्याला शिंका येतात. 'ॲलर्जी न करणारी जात' असं ज्यांच्याबद्दल बोलतात त्यात पूडल सगळ्यात वर. एका परिचितांच्या पूडलबरोबर हा तासभर बसला आणि नाक लाल करून परत आला. ॲलर्जी केसाने होतच नाही. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात जी प्रथिनं असतात त्यांनी होते, आणि ती केस न गळणाऱ्या कुत्र्यातही असतात. त्यामुळे जातीवर विसंबायचं नाही. जो कुत्रा आणायचा, त्याच्याचबरोबर ॲलर्जी असलेल्या माणसाला दोनतीनदा बराच वेळ बसवायचं. याहून शास्त्रीय उपाय आम्हाला तरी सापडला नाही.

राहिलं पिल्लू. एका ब्रीडरकडे गेलो. घरापर्यंत येऊ दिलं नाही, पिल्लं टोपलीत घालून बाहेर आणली. आई दाखवा म्हटलं, तर ती आजारी आहे. मागची पिल्लं कधी झाली, तर आठवत नाही. लसीच्या पुस्तिकेत तारीख होती, पण कुपीवरचं स्टिकर नाही आणि डॉक्टरांची सही-शिक्काही नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नसतं. माणसांची, आवाजांची, मुलांची भीती मोडायची ती पहिल्या तीनेक महिन्यांत. तो काळ या पिल्लांनी कुठे, कसा काढला, कुणाला विचारायचं? आम्ही निघालो. लेक परतीच्या वाटेवर सगळा वेळ हुंदके देत होती. तिच्या स्वेटरला त्या टोपलीतलं एक पांढरं लव चिकटलं होतं, ते तिने दोन दिवस काढू दिलं नाही. पिल्लांना तिथे सोडून येणं मलाही जड गेलं, पण आपण एक घेतलं की त्या टोपलीत दुसरं येणार, हेही दिसत होतं.

पिल्लू आणि सात वर्षांचं मूल ही जोडी वाटते तितकी सोपी नाही, हे त्यानंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे, आणि ते खेळताना तोंडानेच धरतं. मूल किंचाळत पळतं, पिल्लाला वाटतं खेळ रंगला. शिवाय रात्री उठून शूला नेणं, लसी, जंताचं औषध. उलट, मोठ्या कुत्र्याचा स्वभाव बनून गेलेला असतो, तो बघता येतो. "कसा बघायचा?" मी विचारलं. त्यांनी टेबलावरच्या किल्ल्या उचलून खाली टाकल्या. "हे करा. दचकेल तर दचकू दे. दचकल्यावर परत किती वेळात येतो ते बघा. मुलांच्या घरात दिवसभर काही ना काही पडत असतं."

प्राण्यांच्या निवाऱ्यात आम्हाला तीन कुत्रे दाखवले. कुत्र्यापासून लांब, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावर मी जुडगा टाकला. पहिला भुंकायला लागला तो थांबेचना. दुसरा कोपऱ्यात गेला, थरथरत राहिला, आम्ही निघेपर्यंत तिथेच. त्याची कीव आली. शांत, मूल नसलेल्या घरात तो रुळला असता. तिसरी एक कुत्री, मिश्र जातीची, एक कान उभा आणि एक दुमडलेला. दातांवरून वय चारेक वर्षं सांगितलं, वजन साडेसहा किलो. जुडगा पडला तशी ती दोन पावलं मागे सरकली, शेपूट खाली. मग हळूच जवळ येऊन, मान लांब करून तिने किल्ल्या हुंगल्या. मग माझ्याकडे पाहिलं. जणू विचारत होती, तुमच्या पडल्या का?

लेकीला आधीच पढवलं होतं. समोरून वाकायचं नाही, मिठी मारायची नाही, जमिनीवर आडवं तोंड करून बसायचं. कुत्री आपणहून आली तर छातीपाशी तीन सेकंद हात फिरवायचा आणि थांबायचं. तिला आणखी हवं असेल तर ती सांगेल. लेकीने ओठ हलवत एक, दोन, तीन मोजलं आणि हात मागे घेतला. कुत्रीने नाक तिच्या तळहाताखाली घातलं आणि हात वर उडवला.

तरी लगेच आणली नाही. तीन भेटी झाल्या, नवरा तिच्याशेजारी पेपर वाचत बसला आणि दोनदाच शिंकला. केस मात्र भरपूर गळतात. काळे कपडे घालणं मी सोडून दिलंय.

घरी आल्यावर ती तीन दिवस पलंगाखाली. लेक म्हणाली, "हिला आपण आवडलोच नाही." सारखी आत डोकवायची, तिला आवरणं हेच माझं त्या तीन दिवसांतलं काम. घराचे दोन नियम केले: झोपलेल्या कुत्रीला हात लावायचा नाही, खाणाऱ्या कुत्रीजवळ जायचं नाही. दुसरा नियम नवव्या दिवशी मोडला. चेंडू घरंगळत ताटलीपाशी गेला आणि लेक त्याच्यामागे. कुत्री खाता खाता थिजली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला आणि घशातून गुरगुर. मी कुत्रीवर खेकसले. मग हात कापत डॉक्टरबाईंना फोन केला. आता परत द्यावी लागणार, हेच डोक्यात.

"चावली का?"

"नाही, गुरगुरली."

"मग तिने तिचं काम नीट केलं. सांगितलं. गुरगुरल्याबद्दल ओरडत राहिलात तर सांगायचं सोडेल आणि थेट चावेल."

ताटली गॅलरीत गेली, मध्ये जाळीचं दार बसलं. आणि लेकीला मी कुत्रीची बारीक भाषा शिकवायला घेतली. झोप नसताना जांभई, खाणं नसताना ओठ चाटणं, मान वळवणं, अंग ताठ होणं, हे सगळं 'आता पुरे' म्हणायचे प्रकार. तिने हे इतकं मनावर घेतलं की एकदा पाहुणे गप्पा मारत बसले असताना मोठ्याने म्हणाली, "आई, बाबा जांभई देतोय, त्याला थोडं एकटं सोडा."

रोज सकाळी फिरवायला मीच नेते, हे सांगायलाच हवं. 'मी सगळं करीन' हे लेकीचं वचन पंधरा दिवस टिकलं, आणि सात वर्षांच्या मुलीकडून त्याहून जास्त अपेक्षा धरणं हीच चूक. तिच्याकडे पाण्याचं भांडं आणि ब्रश एवढंच आहे. पट्टा गळ्याला न लावता छातीभोवती बसणाऱ्या हार्नेसला लावतो, कारण लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. चॉकलेट आणि मनुका वरच्या फळीवर गेल्या आहेत, दोन्ही कुत्र्यांना विषारी. लेकीच्या दप्तराची चेन बंद आहे ना, हेही रोज बघावं लागतं.

परवा रात्री स्वयंपाकघरातली भांड्यांची अख्खी मांडणी भिंतीवरून सुटून खाली आली. मीही किंचाळले. लेक पळत जाऊन पांघरुणात शिरली, कुत्री दाराशी. ताटं गरगरून थांबायच्या आत कुत्री परत आली, एक वाटी हुंगली, मग आतल्या खोलीत जाऊन पलंगाशी आडवं तोंड करून बसली. लेकीला बाहेर यायला बराच वेळ लागला.