बगळ्यावर बसलेली म्हैस

म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो हे आपण लहानपणापासनं बघतोय, पण बगळ्याला कधी कुणी म्हटलंय का, की बाबा तू पण एखाद्या दिवशी घे की तिला पाठीवर. रविवारी दुपारी तांबडा-पांढरा हाणून आडवा झालो होतो तेव्हा हे डोक्यात आलं. अशा वेळचे विचार झोपेत विरून जातात, हा काय गेला नाही. उठलो, तसा फोटो जुळवायला लॅपटॉप उघडला, आणि रात्री अकराला आई म्हणाली जेवणार आहेस का म्हैसच राखत बसणार आहेस.

म्हैस माझ्याकडं होती, म्हणजे तिचा फोटो. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी काढलेला. तिथं म्हशी रस्त्यातच उभ्या असतात, गवळीमामा समोर धार काढतात आणि आपण फेसासकट ग्लास तोंडाला लावायचा. बगळा कसबा बावड्याकडच्या शेतातला, ऊस गेल्यावर ट्रॅक्टर फिरत होता आणि त्याच्या मागनं किडे टिपत ही पांढरी मंडळी. मागं रंकाळा तलाव घेतला, त्यातल्या संध्यामठासकट, कारण कोल्हापुरात काहीही अशक्य घडवायचं असेल तर ते रंकाळ्यावरच घडवलेलं बरं.

तुम्ही म्हणाल एकाच फोटोत दोघं सापडले असते की. सापडतात, पण काळी म्हैस आणि पांढराशुभ्र बगळा एका फ्रेममध्ये ही कॅमेऱ्याला शिक्षा आहे. त्याच्या हिशोबात समोरचं सगळं जग मधल्या करड्या रंगाचं असतं, त्यामुळं फ्रेमभर म्हैस दिसली की त्याला वाटतं अंधार पडला, मग तो फोटो उजळवत बसतो, म्हैस राखाडी होते आणि बगळा जळून नुसता चुन्याचा ठिपका. म्हणून दोघांचे वेगळे फोटो, वेगळे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. फोटोशॉप १९९० साली आलं पण लेयर आले १९९४ ला, तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे मधली चार वर्षं लोकांनी तुकडा चिकटवला आणि त्याची निवड सोडली की तो मुरला त्याच फोटोत, परत हलवायची सोय नाही, असं काम केलंय. मी तर एका म्हशीला सतरा वेळा हलवली.

म्हैस कापून आणून ठेवली तर ती म्हैस वाटेना, फोटोला भोक पडल्यासारखी दिसायला लागली. मग नीट बघितलं तेव्हा कळलं की म्हैस काळी नसतेच. पाठीवर आभाळाचा निळसर उजेड असतो, पोटाखाली मातीचा तांबूस, आणि ओली असेल तर काय विचारूच नका. तेवढे दोन रंग हलक्या ब्रशनं दिल्यावर ती उठून उभी राहिली. दुसरा घोळ उजेडाचा, कारण म्हैस संध्याकाळची आणि बगळा भर दुपारचा. बगळा अख्खा पिवळट केला, त्याची पायाखालची सावली पुसून पाण्यात लांबडी पाडली, आणि म्हैस जिथं त्याच्या पाठीला टेकते तिथं अगदी काळी, बारीक सावली दिली. सावली नसली की प्राणी तरंगतो. आपल्याकडचे वाढदिवसाचे डिजिटल फलक बघा की, साहेबांच्या मागं वाघ, वाघाच्या शेजारी सिंह, आणि सावली एकाचीही नाही. दुकानातला पोरगा चार मिनिटात वाघ लावतो आणि पुढचं गिऱ्हाईक घेतो. माझं वाघाशी भांडण नाही, पण ज्या गावात बाबूराव आणि आनंदराव पेंटरांनी आधी नाटकाचे पडदे रंगवले आणि मग सिनेमाचा कॅमेराच स्वतः बनवायला घेतला, त्या गावातल्या वाघाला निदान सावली तरी पाहिजे की नको.

राहता राहिलं वजन. गायबगळा असतो तीन-चारशे ग्रॅमचा, म्हैस चारशे किलोच्या आसपास, म्हणजे साधारण हजारपट. फोटोशॉपमधल्या पपेट वॉर्पनं, म्हणजे चित्र बाहुलीसारखं वाकवायच्या सोयीनं, बगळ्याचे पाय किंचित वाकवले, मान जरा आत घेतली, आणि तेवढ्यानं तो असा दिसायला लागला की गल्लीतल्या पोरांना दाखवला तर ती हसून लोळली. मी पण एकटाच बसून दोनदा हसलो, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन कट्ट्यावर गेलो. मामांनी हात धोतराला पुसले, मोबाईल लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं आता विचारतील, हे काय रं येड्यासारखं.

"ही आमची न्हवं," मामा म्हणाले.

"मामा, तुमचीच हाय की, परवा नाही का काढला फोटो."

"अंग आमच्या म्हशीचं हाय. शिंगं कुणाची आणलीस?"

पकडलं. त्या फोटोत शिंगाच्या आडवं एकाचं मनगट आणि दुधाची किटली आली होती, ते साफ करायचा कंटाळा आला म्हणून मी इंटरनेटवरनं दुसऱ्या म्हशीची शिंगं आणून बसवली होती, जिलबीसारखी गोल, मुऱ्हा जातीची. मामांची म्हैस पंढरपुरी जातीची. तिची शिंगं तलवारीसारखी मागं खांद्यापर्यंत जातात, दिवाळीत पाडव्याला त्याच शिंगांना रंग लावून, गोंडे बांधून मिरवणुकीला नेतात आणि अख्खी पेठ बघायला उभी असते. म्हैस बगळ्यावर बसली, रंकाळ्यात बसली, याचं मामांना काहीच वाटलं नाही. वर हे पण म्हणाले की बगळा दोन्ही पायावर उभा केलास ते बरं केलंस, एका पायावर त्याला पेलली नसती.

"उद्या पाचला ये," म्हणाले, "शिंगं मोकळी ठेवतो."

गेलो तर म्हशीच्या शिंगांना तेल लावून चकाचक करून ठेवलेलं, आणि दुधाला आलेल्या लोकांना मामा हातानं मागं सारत होते, "जरा सरा की बाजूला, बगळ्यावर बसायचं हाय तिला."