खुनी 1985 सालचा

एकामागून एक खून पडत जाणारी कादंबरी मी शक्यतो पावसाळ्यात वाचायला घेते. बाहेर झड लागलेली, शाळेला सुट्टी जाहीर होते का बघत पोरं मोबाइलला चिकटलेली, आणि माझ्या मांडीवर लायब्ररीचं बाइंडिंग सुटत आलेलं पुस्तक. यंदाचं इंग्लंडातलं निघालं. काळ 1985.

हा अलीकडचा भूतकाळ मला भारी वाटतो. फार जुनं असलं की बग्ग्या, कंदील आणि धुकं. त्यात आपलं कोणी नसतं. आजचं असलं तर सीसीटीव्ही बघा, मोबाइलचं लोकेशन काढा, तिसऱ्या प्रकरणात माणूस आत. 1985 मध्ये मात्र साक्षीदार बाई फोन करायला घराबाहेर पडते आणि आपल्या पोटात गोळा येतो. आमच्या सांगलीत गणपती पेठेतल्या एसटीडी बूथवर रात्री उशिरा दर कमी व्हायचे म्हणून लोक जेवणं उरकून रांग लावायचे. आत उभं राहिलं की डोळे मीटरच्या पळत्या लाल आकड्यांवर. 'खुनी जिन्यात आहे' एवढं सांगायलासुद्धा आधी लाइन मिळायला हवी! अशा पुस्तकात भीती कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाण्यासारखी फुटाफुटानं चढते. 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि तोवर झोप कुणालाच नाही.

खरी गंमत वेगळीच आहे. खुनी कोण हे शोधण्यात आपण इन्स्पेक्टरच्या मागे असतो, पण काळानं त्याच्या पुढे. तो बिचारा रक्तगट जुळवत बसतो आणि मी मनात म्हणते, बाबा, वर्षभर कळ काढ. कारण लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीस यांना 1984 मध्येच डीएनएवरून माणूस ओळखायची युक्ती सापडली होती. त्याच भागात दोन मुलींचे खून झाले, तेव्हा 1986 मध्ये पोलिस त्यांच्याकडे गेले. आधी सुटला तो एका खुनाची कबुली देऊन बसलेला निरपराध पोरगा. मग गावोगावच्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले, तरी खुनी हाती लागेना. त्यानं स्वतःऐवजी कामावरच्या सोबत्याला रक्त द्यायला पाठवलं होतं! तो सोबती एकदा पबमध्ये बोलून गेला, कुणीतरी ऐकलं, आणि पोलिसांपर्यंत पोचवलं. आमच्या मारुती चौकात एवढी गोष्ट दोन दिवससुद्धा पोटात राहिली नसती.

लायब्ररीच्या प्रतीत आधीच्या वाचकानं समासात पेन्सिलीनं 'हाच!' लिहून ठेवलंय. तीन ठिकाणी, तीन वेगळ्या माणसांपुढे. शिवाय एकापुढे खोडून पुन्हा लिहिलंय.

आत्याला मात्र माझं हे वेड पटत नाही. 1976-77 मध्ये जोशी-अभ्यंकर खुनांनी पुणं हादरलं, तेव्हा ती तिथं शिकायला होती. दिवेलागणीला दारं बंद, ओळखीचा आवाज आला तरी कडी काढायची नाही. त्यामुळे प्रेताची वर्णनं दोन-दोन पानं करणाऱ्या लेखकाला ती "मेल्या, तुला काय माहीत" म्हणते, आणि त्यात माझं तिच्याशी एकमत आहे. पण पुस्तक सोडत नाही ती. शेवटचं प्रकरण आधी वाचते, मग पहिल्यापासून सुरू करते.

"अगं, मग राहिलं काय?" मी विचारलं.

"कोण ते कळलं की घोर मिटला. आता पोलिस कुठं कुठं चुकतात ते निवांत बघते."