आमची वाटचाल: डिकॅन्टर विकता विकता जपायला लागलो

सुरुवात साधी काचेची भांडी विकण्यापासून झाली, ग्लास, जग आणि सोबत थोडे डिकॅन्टर, म्हणजे वाईन किंवा व्हिस्की ओतून ठेवायच्या, निमुळत्या मानेच्या आणि काचेचं बूच असलेल्या सुरया. डिकॅन्टर खपायचे कमी पण त्यांच्याबद्दल विचारणा मात्र सगळ्यात जास्त, आणि ती पण घेऊन गेलेल्यांकडूनच. आतून पांढरं पडलंय काय करू, मानेतून हात जात नाही तर घासू कसं, बूच अडकलंय. उत्तरं देता देता लोकांचे डिकॅन्टर साफ करून द्यायला लागलो आणि बघता बघता तेच मुख्य काम झालं, विक्री आता बाजूला चालते.

या कामात सगळ्यात आधी ओळखायला शिकलो तो पांढरेपणा, कारण तो दोन प्रकारचा असतो आणि दिसायला जवळपास सारखाच. एक म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा थर. कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून थोडा वेळ ठेवलं आणि हलवून ओतलं की जातो, काच परत लख्ख. दुसरा कशानेच जात नाही कारण तो थर नाहीच, काचच खराब झालेली असते. धुतल्यावर तळाशी चमचाभर पाणी राहतं, वरून बूच लावून डिकॅन्टर कपाटात जातो, मग काचेतला सोडियम हळूहळू त्या पाण्यात उतरतो, पाणी अल्कलाइन होतं आणि ते काचेलाच खायला लागतं. महिनोन्महिने असं चाललं की आत कायमचा धुरकटपणा. त्यावर इलाज एकच, आत तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे, पाणी आणि पॉलिशची पावडर भरून मशीनवर संथ फिरवत ठेवायचं, कधी कधी दिवसेंदिवस. आम्ही ते मशीन बसवलं तेव्हा बाकीची बरीच खरेदी पुढे ढकलली होती आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. तरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की आधी व्हिनेगर करून बघा, त्याने गेलं तर आमच्याकडे द्यायची गरजच नाही.

घरी धुताना कोमट पाणी पुरतं, साबण अगदी थेंबभर, कारण निमुळत्या मानेतून तो पूर्ण निघत नाही आणि पुढच्या वेळी वास येतो. रेड वाईनचा डाग बसला असेल तर कवळी साफ करायची गोळी कोमट पाण्यात टाकून ठेवा, मस्त निघतो. तांदूळ-मीठ घालून हलवायचा सल्ला सगळीकडे मिळतो पण मला तो पटत नाही, त्यापेक्षा स्टीलचे गुळगुळीत बारीक मणी घ्या, थोड्या पाण्यात गोल फिरवा, आपटू नका. डिशवॉशर आणि उकळतं पाणी दोन्ही नको, जाड काचेची एक बाजू एकदम तापली की तडा जातो. आणि वाळवणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं, स्टँडवर उलटा ठेवायचा, पाणी निथळलं की सरळ करून तोंड उघडं ठेवायचं आणि आत पूर्ण कोरडं झाल्याशिवाय बूच अजिबात लावायचं नाही.

शिशाच्या काचेबद्दल, म्हणजे बनवतानाच शिसं मिसळलेल्या काचेबद्दल, आमची भूमिका ठाम आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 मध्ये तिचं पेटंट घेतलं, ती जड असते, कटिंग छान होतं, उजेडात चमकते, मलाही ती फार आवडते. पण 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा डिकॅन्टरमध्ये ठेवलेल्या पोर्ट वाईनमधलं शिसं 4 महिन्यांत लिटरमागे 89 वरून 5331 मायक्रोग्रॅमवर गेलेलं आढळलं. हे वाचल्यापासून शिशाच्या प्रत्येक डिकॅन्टरवर आम्ही चिठ्ठी लावतो, वाढायला वापरा, साठवायला नको, संध्याकाळी भरा आणि त्याच दिवशी रिकामा करा. चिठ्ठी बघून काही गिऱ्हाईकं परत फिरली, त्याला आमची हरकत नाही. व्हिस्की भरून ठेवायची असेल तर बिनशिशाची काच आणि घट्ट बूच घ्या. व्हिस्की त्यात सुधारत नाही, फक्त दिसते छान. वाईनचं मात्र तसं नाही, तरुण रेडला तासभर हवा लागली तर खुलते, आणि जुनीला साका असतो म्हणून बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवायची, मग मानेमागे दिवा धरून हळू ओतायचं आणि साका दिसला की थांबायचं. खूप जुनी असेल तर लगेच प्यायची, ती हवेत पटकन उतरते.

अडकलेल्या बुचांचं काम मला सगळ्यात आवडतं, त्यात घाई चालत नाही. फटीत ग्लिसरीनचा थेंब सोडायचा, रात्रभर ठेवायचं, मग मानेला गरम फडकं गुंडाळायचं म्हणजे मान बुचाच्या आधी फुगते, आणि लाकडाच्या दांड्याने बुचाला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने अलगद टिचक्या. पिरगळू नका, मानच तुटते. जुन्या डिकॅन्टरवर कधी कधी मानेवर आणि बुचावर एकच आकडा कोरलेला सापडतो, कारण प्रत्येक बूच त्याच्याच मानेत घासून बसवलेलं असायचं, म्हणून दोन डिकॅन्टर एकत्र धुताना बुचं वेगवेगळी ठेवा.

सध्या बूच हरवलेल्या डिकॅन्टरना नवीन बूच घासून बसवून देण्याचं काम सुरू केलंय. त्यासाठी शक्यतो डिकॅन्टरच पाठवा, नाही जमलं तर मानेचा आतला व्यास तोंडाशी आणि थोडा खाली असा दोन जागी मोजून कळवा, मान निमुळती असते त्यामुळे एका मापावर बूच बसत नाही.