कंबरेशी सुटलेलं बाइंडिंग आणि वॉरंटीचा दावा

गिटारच्या कडेनं फिरणारी प्लास्टिकची पट्टी म्हणजे बाइंडिंग. ती शोभेची वाटते, पण वरच्या पाटीच्या कडेला लाकडाचे उघडे तंतू असतात आणि दमट हवा तिथूनच सर्वात आधी शिरते. बाइंडिंग ती कड बंद करतं आणि ठोकरही झेलतं. माझ्या स्टीलच्या तारांच्या गिटारचं बाइंडिंग तिसऱ्या वर्षी कंबरेशी, म्हणजे मधे आत वळलेल्या भागाशी, जाड तारांच्या बाजूला, 9 सेंटीमीटर लांबीत सुटलं. कंपनीनं वॉरंटीचा दावा आधी फेटाळला आणि अकरा आठवड्यांनी मान्य केला. मधल्या काळात गिटार तीच होती, फक्त मी पाठवलेला पुरावा बदलला. तोच इथे सविस्तर लिहितो.

पट्टी नेमकी कुठे सुटली, हे आधी नीट पाहायचं. बाइंडिंग बऱ्याचदा सेल्युलॉइड या प्लास्टिकचं असतं आणि त्यात कापूर मिसळलेला असतो. तो कापूर आणि आत उरलेलं सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) वर्षानुवर्षं उडत राहतं आणि पट्टी लांबीत आकसते. गिटारच्या फुगीर भागावर आकसलेली पट्टी लाकडाला आणखी आवळून बसते. कंबरेशी वळण आत गेलेलं असतं, तिथे तीच पट्टी ताणलेल्या दोरीसारखी सरळ व्हायला बघते आणि लाकूड सोडते. म्हणून आकसण्याचा दोष जवळपास नेहमी कंबरेत दिसतो. फुगीर भागावर मधेच सुटली असेल, तर गोंद कमी पडल्याचा किंवा मार बसल्याचा संशय आधी घ्यावा.

पट्टी सेल्युलॉइडची आहे का, हे घरी कळतं. सुटलेल्या भागाची आतली बाजू, जिथे लॅकर (चकाकीचा लेप) नसतं, ती सुती कापडानं अर्धा मिनिट जोरात घासायची आणि लगेच वास घ्यायचा. माझ्या पट्टीला कापराचा स्पष्ट वास आला. एबीएस प्लास्टिकला तो येत नाही, आणि ते आकसतंही फार कमी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांवरही सेल्युलॉइडचं काम असतं, त्यामुळे तिथल्या कारागिरांना हा वास चांगला ओळखीचा असतो.

दुसरी तपासणी अंगठ्याची. सुटलेली पट्टी हलकेच दाबायची. ती सहज जागेवर बसली तर दोष गोंदाचा. दाबूनही फट राहिली, किंवा एकीकडे बसवताना दुसरीकडे उचलली, तर पट्टी लांबीला अपुरी पडली आहे. माझी फट गॅरेजवाल्याकडच्या फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) मोजली तेव्हा 1.2 मिलिमीटर भरली, आणि दाबल्यावरही 0.5 उरली.

माझ्या पहिल्या ईमेलमध्ये दोन फोटो, पावती आणि एका ओळीची तक्रार होती. नवव्या दिवशी उत्तर आलं: हवेतल्या आर्द्रतेमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. हे कलम बहुतेक गिटारांच्या वॉरंटीत असतं आणि त्यात तथ्यही आहे. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी हवा पार कोरडी असते आणि जुलैत ओलीचिंब. लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. पण आर्द्रतेनं खरंच नुकसान केलं असेल तर गिटारवर इतरही खुणा उमटतात, आणि दाव्याचा सगळा जोर तिथेच असतो.

कोरडेपणानं फिंगरबोर्डचं, म्हणजे बोटं दाबतो त्या फळीचं, लाकूड आकसतं, पण तिच्यात आडवी बसवलेली फ्रेटची धातूची तार आकसत नाही. मग नेकच्या (दांडीच्या) कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं टोचतात. साउंडहोल (पाटीचं गोल भोक) आणि ब्रिज (पाटीवर तारा अडकवतात तो ठोकळा) यांच्यामधली पाटी खचते, तंतूंच्या रेषेत तडे जातात. ओलाव्यानं उलट होतं: ब्रिजच्या मागे पोट फुगतं, तारा फिंगरबोर्डपासून वर जातात. माझ्या गिटारवर यातली एकही खूण नव्हती. ब्रिजच्या मागे पाटीवर आडवी स्टीलची पट्टी ठेवून तिच्याखालचा उजेड दाखवणारा फोटो काढला, कारण पाटीला थोडा बाक असणं हेच निरोगी लक्षण आहे. फ्रेटच्या टोकांचा जवळून फोटो काढला. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची मोजली: 2.4 मिलिमीटर, विकत घेताना दुकानदारानं कार्डावर लिहून दिली होती तेवढीच.

हे सगळं दुसऱ्या पत्रात पाठवलं आणि सोबत गिटारच्या केसमधल्या (पेटीतल्या) हायग्रोमीटरच्या, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राच्या, नोंदी जोडल्या. स्वस्त हायग्रोमीटर पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो, म्हणून तो आधी मिठानं तपासावा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ते ओलसर होईल इतकेच पाण्याचे थेंब टाकायचे, हायग्रोमीटरसोबत झिपच्या पिशवीत बंद करून बारा तास ठेवायचं. आत 75 टक्के आर्द्रता तयार होते. माझा 71 दाखवत होता, म्हणजे प्रत्येक नोंदीत 4 मिळवायचे. हे पत्रात लिहिल्यामुळे नोंदींना वजन आलं.

दुसऱ्या पत्राला मात्र तीन आठवडे उत्तर नव्हतं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली आणि कंपनीला स्पीड पोस्टनं नोटीस पाठवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षांची. नोटिशीत हे चार मुद्दे नीट लिहिले. आयोगापर्यंत जावं लागलं नाही. दुरुस्तीचा खर्च कंपनीनं उचलला, पाठवण्याचं कुरियर माझ्याकडे.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या गिटारीचं मात्र कठीण आहे. वॉरंटी बहुधा पहिल्या ग्राहकाला आणि खरेदीच्या देशापुरतीच असते.

मोठ्या पण हलक्या खोक्याला कुरियरवाले वजनाऐवजी आकारमान धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागतात. माझं खोकं 115 × 48 × 20, म्हणजे केससकट सहा किलोच्या गिटारला 22 किलोंचं भाडं. तारा दोन सुरांनी उतरवून, हेडस्टॉकखाली (खुंट्यांच्या टोकाखाली) आणि नेकच्या दोन्ही बाजूंना कापड भरून पाठवली.

दुरुस्तीत घाई झाली तर सगळं फुकट. आकसलेली पट्टी जबरदस्तीनं दाबून चिकटवली तर ती वर्षभरात शेजारी सुटते. योग्य रीत अशी: सुटलेल्या टोकांपासून पुढे जोडावरचं लॅकर धारदार पात्यानं कापून घ्यायचं, नाहीतर कपचे उडतात. पट्टी कंबरेपासून नेकच्या जोडापर्यंत सोडवायची, खाचेतला जुना गोंद खरवडायचा, मग पट्टी कंबरेत बसवत नेकच्या बाजूला जायचं. शेवटी तिथे फट उरते. माझ्या गिटारला 4 मिलिमीटर उरली, ती त्याच रंगाच्या तुकड्यानं भरली. तारांच्या सावलीत तो तुकडा शोधूनच दिसतो.

फेविकॉल लाकडाला धरतो, प्लास्टिकला नाही. पातळ इन्स्टंट ग्लू पाटीच्या स्प्रूस लाकडाच्या तंतूंत झिरपून कायमचा डाग पाडतो. सेल्युलॉइडला सॉल्व्हंटवाला गोंद (सिमेंट) लागतो, पण त्याचा थेंब नायट्रो प्रकारच्या लॅकरवर पडला तर तेही विरघळतं. बांधायला चिकटपट्टी वापरली तर ती काढताना लॅकर सोलून येऊ शकतं, म्हणून मऊ कापडाच्या पट्ट्या गुंडाळणं बरं. आणि सेल्युलॉइड भराभर पेटतं, ते मऊ करायला हेअर ड्रायर लांबून चालतो, ज्योत अजिबात नाही.

कारागिरानं बांधणी 24 तासांनी सोडली, पण घासकाम आठवड्यानं केलं. सॉल्व्हंटनं पट्टी तात्पुरती फुगते. तेव्हाच सपाट केली तर नंतर ती लाकडाच्या खाली बसते. लॅकरचा जोड भरून पॉलिशसाठी आणखी तीन आठवडे थांबावं लागलं.

परत आलेल्या गिटारच्या कंबरेवरून नख फिरवलं, कुठेही अडकलं नाही. पातळ तारांच्या बाजूच्या कंबरेत मात्र लॅकरवर केसाएवढी रेघ दिसली. तिथे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्केल लावून फोटो काढतो आहे, आणि दुरुस्तीच्या पावतीवर त्या रेघेची नोंद करून घेतली आहे.